तिसऱ्या रांगेतला शिपाई

एक शिपाई रंगवायला मला साधारण दीड तास लागतो. शिपाई २८ मिलिमीटरचा, म्हणजे अंगठ्याच्या वरच्या पेराएवढा. चेहरा, कोट, छातीवरचे पट्टे, बंदूक एवढं चाळीस मिनिटांत उरकतं. बाकीचा वेळ जातो तो टेबलावर कुणालाही दिसणार नाहीत अशा जागांत : पाठीवरच्या पिशवीचं बक्कल, बुटाची टाच, दस्त्याची खालची बाजू. त्यातून हा शिपाई तिसऱ्या रांगेतला असला तर विचारायलाच नको. त्याच्यापुढे दोन रांगा उभ्या राहणार, मागे टेकडी येणार. एकदा भाच्याने विचारलं, "मामा, मागच्यांना नुसता काळा फासला तर कुणाला कळणार आहे?" कुणालाच कळणार नव्हतं. तरी त्या रात्री अकरापर्यंत मी ती टाच रंगवत बसलो होतो. पुढची पानं अशा माणसाने लिहिली आहेत, हे वाचकाने आधीच समजून घेतलेलं बरं.

या छंदाला मराठीत नाव नाही. 'लुटुपुटूची लढाई' हा शब्द जिभेवर येतो, पण लुटुपुटूच्या लढाईत कुणी खरोखर हरत नाही. इथे लोक हरतात आणि हरल्यावर दोन दिवस धड बोलत नाहीत. म्हणून मी 'वॉरगेम' हाच शब्द ठेवला आहे. इतिहासातली एखादी लढाई निवडायची, दोन्ही फौजा छोट्या पुतळ्यांच्या रूपाने उभ्या करायच्या, टेबलावर टेकड्या, ओढे, गावं मांडायची आणि मोजपट्टी, फासे व छापील नियम घेऊन ती लढाई नव्याने लढायची. पुतळे बहुधा कोरे येतात, रंग ज्याचा त्याने द्यायचा. कित्येकांचा छंद तिथेच थांबतो. ते जन्मभर रंगवतात, खेळत कधीच नाहीत. आणि प्रत्येकाच्या कपाटात न रंगवलेल्या पुतळ्यांचा एक ढीग असतो. तो कधी संपत नाही. त्याबद्दल घरच्यांना खरा आकडा सांगायचा नाही, हा या छंदाचा पहिला अलिखित नियम.

मराठी वाचकाला यातलं निम्मं शिकवावंच लागत नाही. दिवाळीत ज्याने अंगणात किल्ला केला आहे, त्याला दगडविटांवर ओलं गोणपाट टाकून चिखल लिंपला की डोंगर कसा उभा राहतो ते ठाऊक असतं. परदेशातले हौशी लोक ज्याला 'टेरेन' म्हणतात आणि ज्यासाठी डबे भरभरून कृत्रिम गवत विकत आणतात, ते आपण चमचाभर अळीव पेरून उगवून घेतो. पण आपल्या किल्ल्यातल्या दोन गोष्टी वॉरगेमरच्या डोळ्याला खुपतात. पहिली म्हणजे प्रमाण. महाराज महादरवाजाहून उंच, मावळा बुरुजाएवढा, गुहेतला वाघ हत्तीएवढा आणि पायथ्याशी प्लास्टिकची एसटी. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या किल्ल्यावर कुणी चालूनच येत नाही. मावळे चार दिवस पहारा देतात आणि पाचव्या दिवशी खोक्यात परत जातात. लहानपणी मी एकदा मूर्ती विकणाऱ्याकडे मोगल शिपाई मागितला होता. त्याने मावळाच हातात ठेवला आणि म्हणाला, "याला हिरवा रंग दे, झाला मोगल." तेव्हा ते पटलं होतं. आता वाटतं, माझं पुढचं सगळं आयुष्य त्या उत्तराशी भांडण्यात गेलं. मोगलाच्या अंगात नक्की काय असायचं?

युरोपात या खेळण्यांची परंपरा १८व्या शतकात न्यूरेंबर्गच्या कारागिरांनी रुजवली. पाटीच्या दगडात दोन बाजूंनी कोरलेला साचा, त्यात वितळलेलं कथील, आणि बाहेर येणारा शिपाई कागदासारखा चपटा. योहान हिल्पर्टच्या कारखान्यातले असे शिपाई पोरांच्या हातात गेले ते पुन्हा बाहेर आलेच नाहीत. जर्मनीतल्या कुल्मबाख गावच्या प्लासेनबुर्ग किल्ल्यात या कथिलाच्या पुतळ्यांचं संग्रहालय आहे. तिथे तीन लाखांवर पुतळे मांडले आहेत, आणि ते पाहणाऱ्याला आपल्या कपाटातला ढीग एकदम माफक वाटू लागतो.

खेळण्यातला शिपाई पोराच्या हातात पडला की तो कुणीतरी होतो. १८२६च्या जूनमध्ये हावर्थच्या पाद्रीबाबांनी मुलासाठी लाकडी शिपायांचा एक संच आणला. मुलगा ब्रॅनवेल ब्राँटी. त्याच्या बहिणींनी एकेक शिपाई उचलला आणि शार्लटने आपल्याचं नाव ठेवलं ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्या बारा शिपायांतून या भावंडांनी एक अख्खं काल्पनिक राज्य उभं केलं, त्याचा इतिहास लिहिला, वर्तमानपत्रं काढली, आणि लिहिण्याची ती सवय पुढे 'जेन एअर' आणि 'वुदरिंग हाइट्स'पर्यंत गेली. यातला वेलिंग्टन आपल्याला पुढे भेटणार आहे, तेव्हा त्याला लक्षात ठेवा. फक्त तेव्हा तो ड्यूक नव्हता आणि त्याच्यासमोर नेपोलियन नव्हता.

या छंदाचा मूळपुरुष कोण, यावर जाणकार वाद घालतात. मला विचाराल तर माझं मत विल्यम सायबोर्नला. हा ब्रिटिश लष्करातला एक कनिष्ठ अधिकारी. १८३०मध्ये त्याला वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती करायचं काम मिळालं. तो स्वतः त्या लढाईत नव्हता. मग त्याने काय करावं? रणांगणाच्या मधोमध असलेल्या ला हे सांत या शेतवाडीत आठ महिने मुक्काम ठोकला आणि बांध, खाचा, उतार सगळं मोजून काढलं. नंतर लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना त्याने पत्रं पाठवली. प्रश्न साधे होते : १८ जून १८१५च्या संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची तुकडी कुठे होती? तिची मांडणी कशी होती? समोर शत्रूचं कोण होतं? शेतात तेव्हा कोणतं पीक उभं होतं? लढाईचा इतिहास तोवर सेनापतींच्या खलित्यांतून लिहिला जाई. या माणसाने पहिल्यांदा तो कॅप्टन आणि लेफ्टनंट लोकांना विचारून घेतला, आणि तोही पुस्तकासाठी नव्हे, पुतळे नेमके कुठे रोवायचे हे ठरवण्यासाठी.

उत्तरं शेकड्यांनी आली आणि घोटाळाही घेऊन आली. संध्याकाळी सातला ब्रिटिशांच्या मदतीला आलेली प्रशियन फौज रणांगणावर किती आत घुसली होती, याची उत्तरं वेलिंग्टनच्या खलित्याशी जुळेनात. सायबोर्नने उत्तरांप्रमाणे प्रशियन शिपाई मांडले. वरच्यांना ते रुचलं नाही, कारण इतके प्रशियन दिसले की विजयाचे वाटेकरी वाढतात. सरकारने पैसे आधीच बंद केले होते, सायबोर्न कर्जात बुडाला होता. शेवटी त्याने बरेच प्रशियन पुतळे उपटून काढले. १८३८मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये ही प्रतिकृती लोकांपुढे आली. ७०,०००हून जास्त कथिलाचे शिपाई तिच्यात आहेत आणि आज ती लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये पाहायला मिळते. माझ्यासाठी तिच्यातला सगळ्यात बोलका भाग म्हणजे ज्या जागी आता कुणी उभं नाही ती जागा. बोटभर पुतळे हलवल्याने राष्ट्राची अब्रू हलते, हे त्या काळी लोकांना आपल्यापेक्षा नीट कळत होतं म्हणायचं.

खेळाची बाजू प्रशियातून आली. १८१२मध्ये बॅरन फॉन राइसवित्झ याने राजा तिसऱ्या फ्रीडरिश विल्हेल्मपुढे एक टेबल ठेवलं. त्यावर हवे तसे जोडता येणारे भूभागाचे चौकोनी तुकडे होते आणि फौजांसाठी ठोकळे. राजघराणं त्यावर तासन्‌तास खेळत बसे. बॅरनच्या मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, हा खेळ टेबलावरून नकाशावर नेला आणि १८२४मध्ये नियमांचं पुस्तक छापलं. या बापलेकांनी तीन गोष्टी दिल्या ज्या अजून टिकून आहेत : अंतर मोजून चाल करणं, गोळीबाराचा परिणाम फाशाने ठरवणं आणि मध्ये एक पंच बसवणं. पंचाची कल्पना मला सगळ्यांत हुशारीची वाटते. टेकडीपलीकडे काय आहे ते फक्त त्याला माहीत. तुमच्या घोडेस्वाराला दिसेल तेवढंच तो तुम्हाला दाखवणार. बुद्धिबळात राजापासून प्याद्यापर्यंत सगळं पटावर उघडं असतं. खऱ्या सेनापतीला एवढं भाग्य कधीच लाभत नाही. प्रशियाच्या जनरल स्टाफचे प्रमुख म्युफलिंग यांनी हा खेळ पाहिला आणि तो सगळ्या लष्कराला शिकवायला लावला. खेळ पुढे साऱ्या जगातल्या लष्करांत गेला. ज्याने तो नीट बसवला त्या तरुण राइसवित्झने मात्र १८२७मध्ये आत्महत्या केली.

घरात, दिवाणखान्यात, जमिनीवर पालथं पडून खेळायचा खेळ म्हणून याला लोकांपुढे आणलं एच. जी. वेल्सने. होय, 'टाइम मशीन'वाला. १८९३मध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने पोकळ ओतकामाची युक्ती काढली होती. वितळलेलं शिसं साच्यात ओतायचं, कडेचा थर घट्ट झाला की मधलं शिसं पुन्हा बाहेर ओतून टाकायचं. शिपाई हलका झाला, स्वस्त झाला आणि मध्यमवर्गाच्या घरात शिरला. वेल्सच्या घरात असे शिपाई होते आणि लाकडी गोळी मारणारी स्प्रिंगची तोफ होती. १९१३मध्ये त्याने 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात फासा नाहीच. तोफेची गोळी शिपायाला लागून तो पडला तर मेला, नाही लागली तर वाचला. त्या काळच्या छायाचित्रांत हा जगप्रसिद्ध लेखक सुटाबुटात गुडघे टेकून नेम धरताना दिसतो. मला ते चित्र फार आवडतं. मोठ्या माणसाने खेळावं तर असं, लाज सोडून.

दुसऱ्या महायुद्धानंतर सूत्रं सामान्य माणसांकडे आली. अमेरिकेत जॅक स्क्रबी पुतळे ओतू लागला आणि १९५७पासून त्याने हौशी लोकांसाठी नियतकालिक काढलं. इंग्लंडमध्ये एअरफिक्सचे प्लास्टिकचे शिपाई डब्यांतून मिळू लागले आणि पोरांच्या खिशाला परवडले. १९६२मध्ये डोनाल्ड फेदरस्टोनचं 'वॉर गेम्स' आलं. हा गृहस्थ महायुद्धात रणगाड्यांच्या पलटणीत होता आणि पुढे साउदम्प्टनच्या फुटबॉल संघाच्या खेळाडूंचे स्नायू ठीक करायचा. त्याच्यानंतर चार्ल्स ग्रँट आले, ब्रिगेडियर पीटर यंग आले. ड्रॅक्युलाच्या मागे लागलेला पडद्यावरचा व्हॅन हेल्सिंग, म्हणजे नट पीटर कुशिंग, तोही फावल्या वेळात शिपाई रंगवत बसायचा. यापुढचा इतिहास बराचसा कंपन्यांचा आहे. त्यात मी शिरत नाही.

आता रंगाकडे. पुतळा हातात आला की आधी त्याच्या अंगावरची साच्याची शिवण बारीक कानशीने घासायची, साबणाच्या पाण्यात धुवायचा, बाटलीच्या बुचावर चिकटवायचा म्हणजे धरायला मूठ मिळते. मग प्रायमर. मग मूळ रंग. मग ज्याला 'वॉश' म्हणतात तो पातळ काळपट रंग, जो कापडाच्या चुण्यांत आपोआप उतरतो आणि सावली पाडतो. शेवटी उंचवट्यांवर फिकट छटा. एवढ्या लहान वस्तूवर खरा प्रकाश खरी सावली पाडत नाही, म्हणून ती रंगाने पाडावी लागते. डोळे रंगवू नयेत असं माझं मत आहे. हातभर अंतरावरून माणसाचे डोळे ठिपक्यांसारखे दिसत नाहीत, भुवयांखालच्या सावलीसारखे दिसतात. पण डोळ्यांचे ठिपके देणारे आणि न देणारे असे दोन पंथ आहेत आणि त्यांच्यात सोयरीक होत नाही.

परदेशी पुस्तकांत न सापडणाऱ्या दोन सूचना इथेच देतो, कारण त्या मी शिपाई खराब करून शिकलो. श्रावणात स्प्रेने प्रायमर किंवा व्हार्निश मारू नका. हवेतला ओलावा त्यात अडकतो आणि अख्खी पलटण पिठात लोळल्यासारखी पांढुरकी होते. माझी बत्तीस माणसं एका संध्याकाळी अशी गेली. आणि वैशाखात ॲक्रिलिक रंग ब्रशच्या टोकावरच वाळतो. त्याला उपाय स्वयंपाकघरात आहे : जेवणाच्या चपट्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, आणि रंग त्या कागदावर. डब्याचं झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही रंग ओला असतो. डबा पुन्हा पोळीभाजीसाठी वापरायचा नाही, हे सांगावं लागू नये.

या सगळ्या कारागिरीत एक प्रश्न सारखा दाराशी येऊन उभा राहतो. ब्रशवर रंग घेतला आहे, पण कोणता? इतिहासाच्या पुस्तकात 'शत्रूवर हल्ला चढवला' एवढं लिहून भागतं. ब्रशला ते चालत नाही. त्याला कोटाचा, कॉलरचा, पट्ट्याचा, घोड्याचा रंग हवा असतो. ब्रिटिश साध्या शिपायाचा लाल कोट मंजिष्ठाच्या मुळाचा, म्हणून जरा विटकरी. अधिकाऱ्याचा कोचिनील किड्याचा, म्हणून भडक. दोन्ही एकाच बाटलीतून रंगवले तर पाहणाऱ्याला काही कळत नाही, पण रंगवणाऱ्याला कळतं. मराठी घोडदळ रंगवायला घेतलं तेव्हा मला बारगीर आणि शिलेदार यांतला फरक खऱ्या अर्थाने समजला. शाळेत तो व्याख्येसारखा पाठ केला होता : बारगिराला घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. टेबलावर त्याचा अर्थ असा की शिलेदारांचे बारा घोडे बारा तऱ्हांचे हवेत, कुठे खोगीर नवं, कुठे ठिगळाचं. आणि ज्याचा घोडा मेला की पोटापाण्याचं साधनच जातं, तो माणूस त्या घोड्याला तोफेच्या तोंडी कितपत घालेल? हा प्रश्न मला कोणत्याही ग्रंथाने विचारला नव्हता. तो तपकिरी रंगाच्या तिसऱ्या छटेने विचारला.

खेळाचे नियम हा आणखी एक मजेदार प्रांत. फासे म्हटले की आपल्याला शकुनी आठवतो आणि घरातली वडीलधारी माणसं नाक मुरडतात. पण इथला फासा जुगारासाठी नाही. दारू ओली निघाली, निरोप्या वाट चुकला, घोडा बिथरला, अशा सगळ्या लहानसहान गोष्टींचा तो मुखत्यार आहे. त्याचं ऐकायची तयारी नसेल तर काय होतं, ते जपानी आरमाराने दाखवून दिलं. मिडवेच्या मोहिमेआधी १९४२च्या मे महिन्यात त्यांनी ती मोहीम टेबलावर खेळून पाहिली. फाशाने त्यांच्या विमानवाहू जहाजांवर नऊ बाँब पडल्याचं सांगितलं. पंच होते ॲडमिरल उगाकी. त्यांनी नऊचे तीन केले, आणि बुडालेलं 'कागा' जहाज पुढच्या डावात पुन्हा पाण्यावर आलं. नौदल वैमानिक फुचिदाने हा प्रसंग लिहून ठेवला आहे. पुढच्याच महिन्यात खरं 'कागा' बुडालं आणि त्याच्याबरोबर आणखी तीन.

आणि नियम निष्पाप नसतात. याचं माझ्या हाताखालचं उदाहरण म्हणजे आसई. जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यात केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा इथे होत्या. समोर होता चौतीस वर्षांचा आर्थर वेल्स्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, शार्लटचा शिपाई. आपल्याकडे या लढाईचा उल्लेख एका उसाशासारखा येतो : हरलो, राज्य गेलं. ब्रिटिश वॉरगेमरांच्या टेबलावर मात्र ती वारंवार मांडली जाते, कारण त्यांच्या या लाडक्या सेनापतीला म्हातारपणी आपली सर्वोत्तम लढाई कोणती असं विचारलं, तेव्हा त्याने वॉटर्लूचं नाव न घेता आसईचं घेतलं.

वाटाड्यांनी त्याला सांगितलं होतं की नदीला जवळपास उतार नाही. त्याला दुर्बिणीतून पिंपळगाव आणि त्याच्यासमोर पलीकडच्या तीरावर दुसरं गाव दिसलं. दोन गावं अशी समोरासमोर वसतात म्हणजे मध्ये पायवाट असणार, पायवाट म्हणजे उतार असणार, एवढ्या तर्कावर त्याने फौज पाण्यात घातली. उतार निघाला. आता तो शिंद्यांच्या डाव्या बगलेवर आला होता, आणि पुस्तकी हिशेबाप्रमाणे बगलेवर आलेला शत्रू म्हणजे लढाई संपल्यात जमा.

इथे नियम लिहिणाऱ्याची परीक्षा असते. शिंद्यांचे कवायती कंपू मुळात सव्होयच्या बन्वा द ब्वान्यने महादजींसाठी उभे केलेले. (त्याच्या शांबेरी गावी त्याच्या स्मरणार्थ हत्तींचं कारंजं आहे. चार हत्ती, पण फक्त पुढचा अर्धा भाग कोरलेला, म्हणून गावकरी त्यांना मागची बाजू नसलेले चौघे म्हणून चिडवतात. तिसरी रांग काळी फासणाऱ्यांसाठी हे कारंजं मी राखून ठेवलं आहे.) आसईत या कंपूंचा मुख्य होता पोलमान, हॅनोव्हरचा. एखाद्या नियमपुस्तकाने त्याच्या पायदळाला 'बेशिस्त' म्हणून कमी गुण दिले, तर टेबलावर ते तोंड फिरवूच शकत नाही. वेल्स्ली बगलेवर येतो, तीन डावांत खेळ खलास. प्रत्यक्षात पोलमानची सारी रांग काटकोनात फिरली, तोफांसकट, आणि एक टोक केळणेवर तर दुसरं आसई गावाला टेकवून पुन्हा उभी राहिली. वेल्स्ली थक्क झाला होता. म्हणजे त्या एका आकड्यात लेखकाचं मत दडलेलं असतं : हे लोक कवायत जाणत होते की नव्हते? मी तो आकडा बदलून खेळतो. भाचा म्हणतो मामा पक्षपाती आहे. मी त्याला तोफांचा हिशेब दाखवतो.

कारण पुढे जे झालं ते तोफांनी. ब्रिटिशांच्या उजव्या टोकाला कर्नल ऑरॉक आपली तुकडी घेऊन भलतीकडे, थेट आसई गावावर गेला, त्याच्यामागे ७४वी हायलँडर पलटण गेली आणि दोन्ही तोफांच्या तोंडी सापडल्या. त्या सुमारे पाचशे माणसांच्या पलटणीतली साडेतीनशेहून अधिक मेली किंवा जखमी झाली. दुसऱ्या टोकाला ७८वी हायलँडर आणि मद्रासी शिपायांच्या पलटणी तोफांच्या रांगेवरून पुढे गेल्या. शिंद्यांचे गोलंदाज जागा सोडून हलले नाहीत, तोफेजवळच संगिनींनी मारले गेले. निदान तसं वाटलं. त्यातले काही तोफांखाली मेल्याचं सोंग करून पडून राहिले होते. ब्रिटिश रांग पुढे सरकताच ते उठले, तोफांची तोंडं फिरवली आणि पाठीमागून मारा सुरू केला. वेल्स्लीला लढाई अर्धी टाकून त्याच तोफा दुसऱ्यांदा जिंकायला परत यावं लागलं. सूर्यास्तापर्यंत त्याने ९८ तोफा घेतल्या. त्याचे ४२८ मेले, ११३८ जखमी झाले, १८ बेपत्ता. तीन तासांच्या लढाईला ही किंमत मोठीच होती. आणखी एक गोष्ट शाळेत कुणी सांगितली नव्हती : पेशव्यांच्या बाजूचं मराठी घोडदळ त्या दिवशी नदीच्या दक्षिणेला उभं होतं, वेल्स्लीच्या बाजूने. टेबलावर मांडताना दोन्हीकडे एकाच डब्यातले घोडेस्वार ठेवावे लागतात.

मी एक पुतळा म्हणजे वीस माणसं असा हिशेब ठेवतो. म्हणजे वेल्स्लीची त्या दिवशीची हानी ७९ पुतळ्यांची. एका संध्याकाळी ते टेबलावरून उचलून डब्यात ठेवायला दहा मिनिटंही लागत नाहीत, आणि कधी कधी नवव्या मिनिटाला हात थांबतो. दुसऱ्या बाजूच्या मृतांचे फक्त अंदाज आहेत, पलटणवार यादी कुणी ठेवली नाही. लढाईचा खेळ करावा का, हे मला बऱ्याचदा विचारतात, विशेषतः आई विचारायची. वेल्सला वाटायचं की ज्यांना युद्धाची खुमखुमी आहे अशा राजांना आणि सेनापतींना एका मोठ्या खोलीत असे शिपाई देऊन कोंडावं, म्हणजे बाकीची माणसं सुखाने जगतील. त्याचं पुस्तक निघाल्यावर वर्षभरात पहिलं महायुद्ध पेटलं आणि वेल्स स्वतःच त्या युद्धाच्या बाजूने लिहू लागला, या युद्धानंतर युद्ध उरणार नाही असं म्हणत. तेव्हा या खेळाने माणूस शहाणा होतो, असा दावा मी करणार नाही. आईला मी सांगायचो की पत्ते कुटण्यापेक्षा बरं. ती म्हणायची, पत्त्यांना रंग द्यावा लागत नाही.

पुढच्या पानांत साधनांची, रंगांची माहिती आहे, भूभाग करायच्या पद्धती आहेत आणि टेबलावर मांडता येतील अशा काही लढायांचे आराखडे आहेत, त्यात आसई आहेच. नवख्याने एकदम मोठी फौज मागवू नये. डझनभर माणसं घ्यावीत, ती संपवावीत, मगच पुढची. हा सल्ला मी स्वतः कधी पाळलेला नाही.

आसईचा माझा संच अजून अपुरा आहे. तोफेखाली पडून राहिलेला गोलंदाज मला कुठे तयार मिळाला नाही. मिळतात ते सगळे उभे, पलिता हातात घेतलेले, किंवा सरळ मेलेले. शेवटी एका उभ्या गोलंदाजाला गरम पाण्यात धरून कमरेत वाकवला, एक हात कापून पोटाखाली घेतला आणि गालाकडची बाजू चाकाला टेकवली. प्रायमर झाला आहे. पावसाळा आहे म्हणून तो ब्रशनेच दिला. त्याचा डावा डोळा जमिनीकडे आहे, उजवा थोडासा वर. माझा नियम मोडून मी त्या उजव्या डोळ्यात एक पांढरा ठिपका देणार आहे.